ऑस्टिन सेव्हन आणि क्रमाचा विवेक

शर्यतीच्या मोटारीचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास, असें सामान्यतः समजलें जातें. आमच्या मतें तो क्रमाच्या विवेकाचाही इतिहास आहे. बेताच्या पैशांत आणि फावल्या वेळांत जुनी गाडी शर्यतीस सिद्ध करणाऱ्या हौशी माणसानें कोणती सुधारणा आधीं करावी व कोणती मागें ठेवावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्यांत त्याची पुंजी पणास लागते, आणि प्रसंगीं प्राणही.

इंग्लंडांतील 'ऑस्टिन सेव्हन' ही छोटी गाडी या दृष्टीनें अभ्यासण्यासारखी आहे. 1921 मध्यें हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ले एज या अठरा वर्षांच्या नकाशनविसाला हाताशीं धरून तिचे आराखडे स्वतःच्या घरीं तयार करविले. 1922 मध्यें ती लोकांपुढें आली, आणि 1939 पर्यंत अशा सुमारे 2,90,000 गाड्या निघाल्या. सामान्य कुटुंबासाठीं निर्माण झालेली ही गाडी पुढें जुन्या बाजारांत स्वस्त मिळूं लागली व खिसा हलका पण हौस दांडगी अशा तरुणांच्या हातीं पडली. 1939 मध्यें स्थापन झालेला '750 मोटर क्लब' याच गाडीच्या भक्तांचा.

तिचें इंजिन अवघें 747 घन सेंटिमीटरचें. नवशिक्याचा हात प्रथम त्याकडेच वळावा, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु गाडीची रचना कांहीं निराळेंच सांगते. 1936 पर्यंत तिचा क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर फिरे. शक्ति वाढवून त्यास फार वेगानें फिरविलें तर तो मध्यें लवे आणि मोडण्याची भीति असे. ब्रेक चारही चाकांना होते खरे; पण 1930 पर्यंत पायाचा ब्रेक मागच्या चाकांना व हाताचा पुढच्या चाकांना, अशी त्यांची वांटणी होती. अशा गाडीची केवळ शक्ति वाढविणें म्हणजे पाया न भरतां माडी चढविणें होय.

म्हणून शहाणपणाचा क्रम असा ठरतो: प्रथम जें झिजलें असेल तें दुरुस्त करावें, मग ब्रेक, टायर, स्टिअरिंग व स्प्रिंगा पाहाव्या, मग अनावश्यक वजन उतरवावें, आणि इंजिनाला हात सर्वांच्या शेवटीं लावावा. वजन कमी झालें कीं चढावर, वळणावर आणि थांबतांना असा तिन्ही ठिकाणीं लाभ होतो. शक्तीचा लाभ मुख्यतः सरळ रस्त्यावर. शिवाय एका वेळीं एकच बदल करून गाडी चालवून पाहावी. चार बदल एकदम केले, तर गुण कशानें आला व दोष कशानें, हें कळेनासें होतें. संयमाचें मोल येथेंच आहे.

कॉलिन चॅपमन यानें विद्यार्थिदशेंत एक जुनी ऑस्टिन सेव्हन हातीं घेतली व 1948 मध्यें तिचें रूपांतर पुरें केलें. त्या पहिल्या 'लोटस'मध्यें त्याचें मुख्य लक्ष होतें तें सांगाड्यावर: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढविलेल्या प्लायवुडनें त्यानें तो हलका पण ताठ केला. इंजिनांतील त्याची गाजलेली युक्ति आली ती 1951 मध्यें, तिसऱ्या गाडीच्या वेळीं. चार सिलिंडरांना दोनच वाटांनीं मिश्रण पोंचे. त्या वाटा त्यानें विभागून दिल्या. प्रतिस्पर्धी इतके मागें पडले कीं पुढें नियम करून ती युक्ति बंद करावी लागली. 1952 मध्यें त्यानें 'लोटस' कंपनी काढली, आणि 1963 मध्यें तिनें गाड्या बनविणारांचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. सप्टेंबर 1970 मध्यें इटलींतील मोंझा येथें योखेन रिंट हा सरावांत लोटस चालवीत असतां पुढील ब्रेकचा दांडा तुटला. गाडी कठड्यावर आदळून तो मरण पावला. त्या वर्षींचें अजिंक्यपद त्यास मरणोत्तर मिळालें. हलकेपणा हाही एक मोहच आहे, आणि त्यालाही मर्यादा हवी, हें या घटनेनें दाखविलें. क्रम एकदां ठरवून भागत नाहीं. प्रत्येक पायरीवर तो पुन्हा तपासावा लागतो. गाडी किती वेगानें धांवेल, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं ती खात्रीनें थांबेल कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. हौशी माणसाच्या घरीं कोणी तरी त्याची वाट पाहात असतें.