ख्रिस्तपुराणाच्या वाचलेल्या पोथ्या

ह्या ज्युबिलीच्या तयारींत धर्मगुरूंच्या घराचा माळा झाडण्यांत आला, तेव्हां तीन गोण्या भरून जुनीं पुस्तकें व कागद निघाले. कांहीं वाळवीनें खाल्लेले, कांहींचे पुठ्ठे सुटलेले. त्यांत पाहण्याजोगें कांहीं नसावें असें सर्वांस वाटलें आणि दोन गोण्या रद्दीवाल्याच्या तराजूंत गेल्या. दोष अमक्याचा असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. त्या आवराआवरींत आम्हीही उभे होतों. तिसरी गोणी हातगाडीवर मावली नाहीं, एवढ्याच कारणानें मागें राहिली. ती सोडून पाहतां रोमन अक्षरांत छापलेला एक मराठी प्रार्थनासंग्रह, 'निरोप्या' मासिकाचे जुने अंक, आणि उपवासकाळच्या गायनांची हातानें लिहिलेली एक वही निघाली. गेलेल्या दोन गोण्यांत काय होतें, हें आतां कळण्याचा मार्ग उरला नाहीं.

त्या वहीची पानें उलगडीत असतां आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें स्मरण झालें. ह्या ग्रंथाची थोरवी आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या ख्रिस्तेतर मंडळीही प्रेमानें म्हणतात. परंतु तो ग्रंथ आपल्या हातीं आला कोणत्या वाटेनें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. ती सांगण्यासारखी आहे.

फादर स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचे. सन १५७९ च्या आक्टोबरांत ते गोव्यास उतरले, आणि १६१९ सालीं देवाघरीं जाईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ते ह्याच भूमींत राहिले. त्यांतील बहुतेक काळ सासष्टींत गेला. त्या वेळच्या नव्या ख्रिस्ती लोकांची एक अडचण होती. त्यांच्या हातचीं जुनीं पुराणें काढून घेतलीं गेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं वाचावयास कांहींच दिलेलें नव्हतें. ग्रंथाच्या आरंभींच एक ब्राह्मण ख्रिस्ती हीच तक्रार पाद्रींपुढें मांडतो. त्या मागणीचें उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें हें पुराण निर्माण झालें. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत आहे व दुसऱ्यांत आपल्या प्रभूचें चरित्र ५९ अवस्वरांत. देशी लिपीचे खिळे पाडून ग्रंथ छापावा अशी फादरांची इच्छा होती. तें साधलें नाहीं, म्हणून १६१६ सालीं तो रोमन अक्षरांत छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला.

ह्या तीन छापांपैकीं एकाचीही प्रत आज जगांत कोठें असल्याचें ठाऊक नाहीं.

असें कां व्हावें? एक कारण साधें आहे. जें पुस्तक रोज हातांत असतें तें लवकर झिजतें, आणि कोंकणचा पावसाळा व वाळवी उरलेलें काम पुरें करितात. परंतु माणसांचाही त्यांत हात आहे. सन १६८४ मध्यें कोंद द आल्व्होर ह्या व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या सरकारास लोकांची भाषाच नकोशी झाली, त्याच्या राज्यांत त्या भाषेंतील पुस्तकांची काळजी कोण घेणार? पुढें १७५९ सालीं येशूसंघाची पोर्तुगीज मुलुखांतून हकालपट्टी झाली, आणि १८३५ सालीं गोव्यांतील इतर मठही बंद झाले. मठ रिकामे झाले म्हणजे त्यांतील कपाटांचें काय होतें, हें आमच्या माळ्याच्या अनुभवावरून आम्हांस चांगलें कळूं लागलें आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. ग्रंथ नाहींसे करण्याचें पाप केवळ वाळवीच्या वा सरकारच्या माथीं मारून चालणार नाहीं. सोळाव्या शतकांत गोव्यांत हिंदूंचे ग्रंथ जप्त करण्यांत व जाळण्यांत आपल्या धर्मप्रसारकांचाही हात होता. त्यांतून वांचलें तें असें कीं, कांहीं रामायण-महाभारताच्या कथा पाद्रींनीं अभ्यासासाठीं रोमन अक्षरांत उतरून घेतल्या होत्या. त्या पोथ्या पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आहेत, व जुन्या कोंकणी-मराठीचे अभ्यासक आज त्यांच्याकडे मोठ्या आदरानें पाहतात. ज्यांनीं दूर सारलें त्यांच्यांतीलच कोणीं तरी जपून ठेवलें, हा योग विचित्र खरा.

छापील ख्रिस्तपुराण नाहींसें झालें, मग ओव्या आपल्यापर्यंत पोंचल्या कशा? ह्याचें श्रेय कानडा जिल्ह्यांतील, म्हणजे मंगळूरकडील, साध्या ख्रिस्ती कुटुंबांस आहे. हीं घराणीं मूळचीं गोव्याचीं. तेथून दक्षिणेस जातांना त्यांनीं हें पुराण बरोबर नेलें व तें हातानें उतरून ठेवण्याचा परिपाठ चालू ठेविला. एक प्रत उतरावयाची म्हणजे सुमारें ४४ हजार चरण लिहावयाचे. बोरूनें, दिव्याच्या उजेडांत, दिवसाचें काम आटोपल्यावर हें करून पाहावें, म्हणजे त्या श्रमांची कल्पना येईल. शिवाय ती त्यांची बोलण्याची भाषा नव्हे! ते कोंकणी बोलत, पुराण मराठी. त्या काळच्या रोमन लेखनांत ण साठीं एन् हें अक्षर दोनदां आणि ळ साठीं एल् दोनदां लिहीत; लिहिणाऱ्याचा हात एकदां चुकला कीं ण चा न झाला, आणि पुढच्या नकलेंत तो न च राहिला. अशा चुका पोथ्यांतून पुष्कळ आहेत. आम्हांस त्या चुकांविषयीं आदरच वाटतो, कारण शब्दाचा अर्थ पुरता न कळतांही त्यांनीं ओवी टाकली नाहीं.

त्यांच्यावर आलेला प्रसंगही लहान नव्हता. सन १७८४ मध्यें टिपू सुलतानानें कानड्यांतील ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेलें व त्यांचीं देवळें पाडविलीं. जे जगले ते १७९९ नंतर परत आले. एवढ्या उलथापालथींतूनही तिकडे पोथ्या उरल्या.

त्यांतील कित्येक पोथ्या मिळवून, एकमेकींशीं ताडून, जोसेफ साल्ढाणा ह्या गृहस्थांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ख्रिस्तपुराण पुन्हां छापिलें. १६५४ नंतर अडीचशें वर्षांनीं ग्रंथ छापखान्यांत परतला. साल्ढाणांनीं त्या वेळीं हें काम अंगावर घेतलें नसतें, तर आणखी एक पिढी जाईपर्यंत त्यांतील किती पोथ्या चुलींत गेल्या असत्या, कोण जाणे.

एक प्रत मात्र फार दूर निघाली. विल्यम मार्सडेन ह्या इंग्रज पंडितानें आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तेथून त्यांतील पौर्वात्य पोथ्या लंडनच्याच पौर्वात्य विद्यालयांत गेल्या. त्यांत देवनागरींत लिहिलेलीं 'आदिपुराण' व 'देवपुराण' अशीं दोन बाडें होतीं. नांवावरून तीं कोणाही हिंदु पुराणाचीं वाटावींत. तीं फादर स्टीफन्स यांच्या पुराणाचीं आहेत हें ओळखून जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. हे ॲबटसाहेब अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. आमच्या फादरांचा ग्रंथ त्यांनीं शोधावा ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें, आणि थोडी लाजही. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची पुण्याची व १९९६ सालीं फादर कारिदाद द्रागो यांची मुंबईची, अशा देवनागरी आवृत्त्या निघाल्या. २००९ सालीं फादर नेल्सन फलकाओ यांनीं तें आजच्या मराठींत उतरविलें.

उत्तर कोंकणांतील आपल्या वाडवडिलांजवळही एक पुराण होतें. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचें प्रभूच्या दुःखसहनावरील हें काव्य १६५९ सालचें असून तें इकडच्या बोलीच्या अगदीं जवळचें आहे. एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईस पुन्हां छापलें गेलें. आज तें किती घरांत असेल? आणि १९०३ सालीं नगर जिल्ह्यांतील केंदळ येथें सुरू झालेल्या 'निरोप्या'चे पहिले अंक तरी किती घरांत असतील? छापील आहे म्हणून दुसरी प्रत कोठें तरी असेलच, असें आपण धरून चालतों. सासष्टींतील लोकही १६५४ सालीं तसेंच धरून चालले असतील.

तिसऱ्या गोणींतील वही आम्हीं उन्हांत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, देवळाच्या कपाटांत ठेविली आहे. तिचीं पहिलीं चार पानें नाहींत व शेवटच्या गायनाचा अर्धा भाग वाळवीनें नेला आहे. ज्यांच्या घरीं त्याच गायनांची दुसरी वही असेल, मग ती कितीही फाटकी असो, त्यांनीं ती रविवारच्या मिस्सेनंतर आणून दाखवावी. आम्ही ती देवळांतच बसून उतरून घेऊं व त्याच दिवशीं ज्याची त्यास परत करूं.