मानवी अंतराळगमनातील क्रमविचार

मानवी अंतराळ कार्यक्रम म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याची, तेथे राहू देण्याची आणि सुखरूप परत आणण्याची क्षमता. असे कार्यक्रम दोन प्रकारचे असतात. (1) प्रसंगप्रधान : ज्यात एखादे उड्डाण हेच साध्य असते. (2) क्रमप्रधान : ज्यात एका टप्प्याचे साध्य पुढील टप्प्याचे साधन होते.

चीनचा कार्यक्रम दुसऱ्या प्रकारचा आहे. तो 1992 मध्ये मंजूर झाला. 2003 मध्ये यांग लिवेई अंतराळात गेले, 2011 मध्ये तियानगोंग-1 ही प्रयोगशाळा कक्षेत पोहोचली आणि 2022 अखेर त्रिखंडी स्थानक पूर्ण झाले. 2030 पूर्वी चंद्रावर माणूस उतरविणे हे पुढील उद्दिष्ट मात्र या क्रमाला अंशतः छेद देते. कारण मंगझोऊ यान, लान्यूए अवतरक आणि लाँग मार्च-10 अग्निबाण ही तिन्ही साधने नवी आहेत. यंत्रांचा वारसा येथे तुटतो, कौशल्याचा टिकतो. यान व अवतरक स्वतंत्र अग्निबाणांनी जाऊन चंद्रकक्षेत जोडले जातील, आणि जोडणीची विद्या आधीच्या टप्प्यांनीच दिली आहे.

परतीच्या क्षमतेची परीक्षा नोव्हेंबर 2025 मध्ये झाली. स्थानकाला जोडलेल्या शेन्झोऊ-20 या चिनी यानाच्या खिडकीला तडे आढळले. त्या यानाचे प्रवासी 14 तारखेला शेन्झोऊ-21 मधून उतरले, आणि स्थानकावर उरलेल्यांसाठी 25 तारखेला शेन्झोऊ-22 निर्मनुष्य पाठविले गेले. पुढचे यान राखीव ठेवण्याची पद्धत असल्यामुळेच स्थानकाला परतीचे यान अकरा दिवसांत मिळाले.

भारताचा मानवी अंतराळ कार्यक्रम, गगनयान, 2018 मध्ये मंजूर झाला. त्याच्या अग्निबाणाचा बराच भाग महाराष्ट्रात घडतो : विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये, घन-इंधन बूस्टरचे खंड पवईच्या लार्सन अँड टुब्रोमध्ये. घन इंधन एकदा पेटले की विझविता येत नाही. याउलट अहिल्यानगरजवळच्या वाहननगरात, व्हीआरडीई या वाहनसंशोधन संस्थेच्या चाचणीमार्गावर गाडीत दोष दिसला तर चालक ब्रेक लावतो. बूस्टरला ब्रेक नाही. म्हणून प्रवासीकक्ष अग्निबाणापासून तोडून दूर नेणारी सुटकायंत्रणा हे गगनयानाचे अपरिहार्य अंग आहे. तिची उड्डाणादरम्यानची पहिली चाचणी 21 ऑक्टोबर 2023 रोजी यशस्वी झाली.

परंतु ही सुटका आरोहणापुरती आहे. कक्षेतील दोषावर तिचा उपाय चालत नाही. भारतास 2035 पर्यंत स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्र हवा आहे. चीनशी तारखांची तुलना करणे निरर्थक. अनुकरणीय आहे ती राखीव यानाची तरतूद. स्थानकाच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या सज्ज यानाचा आणि अग्निबाणाचा खर्च प्रथमपासून धरला पाहिजे.