घास खाली उतरावा म्हणून

ऑक्सफर्डमधल्या एका माणसाची हकिगत थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1674 मध्ये लिहून ठेवली आहे. त्याला भूक लागे, तो जेवतही असे. पण घास जठराच्या तोंडाशी येऊन थांबत. अन्ननलिका काठोकाठ भरली की सगळे उलटून पडे. समोर अन्न असून माणूस उपासमारीने खंगत चालला होता. विलिसने देवमाशाच्या जबड्यातली लवचीक पट्टी घेतली आणि तिच्या टोकाला स्पंजचा गोळा बसवला. जेवण झाले की रुग्णाने ती स्वतःच्या हाताने घशातून खाली सारायची आणि अन्न जठरात ढकलायचे. पंधराहून अधिक वर्षे तो माणूस असा जेवला आणि जगला.

या आजाराला आज ॲकॅलेशिया कार्डिया म्हणतात. वर्षाला लाखात साधारण एकाला तो नव्याने होतो. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी मरतात, अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा थांबतात आणि जठरापाशी असलेला स्नायूंचा वेढा गिळताना सैल पडत नाही. बॅरियमच्या एक्स-रेमध्ये नलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध अजून नाही. म्हणून साडेतीनशे वर्षांतला प्रत्येक उपचार एकच गोष्ट करत आला: दार सताड उघडायचे. पण ते दार तिथे जठरातले ॲसिड वर येऊ नये म्हणून आहे, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी पाण्याच्या दाबाने फुगणारी पिशवी नलिकेत उतरवून तो वेढा ताणायला सुरुवात केली. जर्मनीत लाइपझिगला अर्न्स्ट हेलर यांनी 14 एप्रिल 1913 रोजी सुरी उचलली. पुढून आणि मागून असे दोन छेद घेऊन त्यांनी फक्त स्नायू कापले, आतले अस्तर शाबूत ठेवले. पुढे हॉलंडमध्ये झायर यांनी पुढचा एकच छेद पुरतो हे दाखवले. आजही हे ऑपरेशन हेलरच्याच नावाने चालते.

तरीही ते लगेच सर्वमान्य झाले नाही. अनेक शल्यविशारदांना दुसरी वाट अधिक पटली: अडलेली जागा टाळून अन्ननलिका थेट जठराच्या बाजूला जोडायची. अन्न धो धो खाली जाऊ लागले आणि रुग्ण हसतमुखाने घरी गेले. काही वर्षांनी त्यांतले कित्येक छातीतली आग, रक्तस्राव आणि पुन्हा अरुंद झालेली अन्ननलिका घेऊन परतले. 1949 मध्ये लंडनच्या नॉर्मन बॅरेट आणि फ्रँकलिन यांनी हे उशिराचे दुष्परिणाम उघडपणे मांडले, आणि ब्रिटनमधले शल्यविशारद हेलरकडे वळले. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोधनिबंध म्हणावा लागेल. रुग्णाला गिळता येते का, एवढेच विचारून भागत नाही. दहा वर्षांनी त्याची अन्ननलिका कशी आहे, हेही पाहावे लागते, हे त्यातून कळले.

1962 मध्ये फ्रान्समधल्या डॉर यांनी जठराचा वरचा भाग कापलेल्या जागेवर दुमडून शिवण्याची रीत दिली. ॲसिडला पुन्हा आडोसा मिळाला. 1991 मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतून दुर्बिणीतून केलेल्या हेलर ऑपरेशनची बातमी आली आणि पोटावरचा लांब छेद गेला. त्याच दशकात पंकज पसरिचा यांनी अमेरिकेत बोटॉक्सचे इंजेक्शन त्या वेढ्यात देऊन पाहिले. त्याचा गुण बहुधा वर्षभरही टिकत नाही. भूल न सोसणाऱ्या वृद्धांना मात्र तो आधार ठरला.

पसरिचा यांनीच 2007 मध्ये डुकरांवर आणखी एक प्रयोग केला आणि 2008 मध्ये जपानमध्ये योकोहामाला हारुहिरो इनोउए यांनी तो माणसावर आणला. तोंडातून एंडोस्कोप घालून अस्तराखाली बोगदा करायचा, आतूनच स्नायू कापायचे, बोगद्याचे तोंड क्लिपांनी मिटवायचे. बाहेर एकही टाका नाही. या 'पोएम'चा भारतात मोठा अनुभव हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने गाठीशी बांधला.

मग निवड कशी करायची? 2011 मध्ये युरोपातल्या 201 रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर हेलरचे यश 90 टक्के, तर वेढा ताणणाऱ्या फुग्याचे 86 टक्के होते. फुग्याने 4 टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला भोक पडले. 2019 च्या एका चाचणीत पोएम 92 टक्के आणि फुगा 54 टक्के असा निकाल लागला. मात्र पोएमनंतर 41 टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला ॲसिडची इजा झालेली आढळली, फुग्यानंतर 7 टक्क्यांच्या. त्याच वर्षी पोएमची गाठ हेलरशी पडली तेव्हा गिळण्याच्या बाबतीत दोन्ही बरोबरीत राहिले. ॲसिडची इजा पोएमनंतर 44 टक्के, हेलरनंतर 29 टक्के. हे आकडे ऑपरेशनच्या टेबलावर जाण्यापूर्वी रुग्णाच्या कानावर पडलेच पाहिजेत. अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्री तपासणीत आजाराचा तिसरा प्रकार निघाला, म्हणजे अन्ननलिका वरपर्यंत आवळत असली, तर लांब छेद लागतो आणि तिथे पोएमचे पारडे जड होते. एरवी वय, इतर आजार, जवळपास कोणत्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे आणि पुढची अनेक वर्षे ॲसिडची गोळी घेण्याची तयारी आहे का, यावर बरेच ठरते. इनोउए यांनी 2019 मध्ये त्याच एंडोस्कोपने जठराची घडीही आतून घालून दाखवली. ती किती वर्षे टिकते, हे पुढच्या तपासण्यांतून समजेल.