अर्धा औंस सोनें

इ. स. पू. २१६ या वर्षीं दक्षिण इटलींतील कॅनी येथें हॅनिबालनें रोमचें सैन्य कापून काढलें. विजयाची वार्ता घेऊन त्याचा धाकटा भाऊ मागो कार्थेजला पोंचला आणि सभागृहाच्या दारांतच त्यानें सोन्याच्या अंगठ्यांची रास ओतली. ती धान्याच्या मापानें मोजावी लागली. रोमन इतिहासकार लिव्ही एका मापाचा आंकडा अधिक विश्वसनीय मानतो; कोणी ती तीन मापांवर गेली असेंहि सांगत. मागोनें खुलासा केला कीं, ही अंगठी रोममध्यें ऐऱ्यागैऱ्याच्या बोटांत नसते. अश्वारोही वर्गांतील, आणि त्यांतीलहि अग्रगण्य पुरुषच ती घालतात. प्रेतें मोजण्याची मग गरज उरली नाहीं.

अलंकार म्हणजे शोभा, हा अर्थ त्या काळच्या रोमन माणसाच्या लेखीं दुय्यम होता. सामान्य नागरिकाची अंगठी लोखंडाची असे. उच्च अधिकाऱ्याच्या झग्याला जांभळा कांठ असे. कुलीन घरच्या मुलाच्या गळ्यांत बुल्ला नांवाचें सोन्याचें ताईतासारखें पदक असे, आणि वयांत आल्यावर तो तें उतरवून गृहदेवतांना वाही. आपल्याकडे गळ्यांतील काळी पोत पाहून जसें न विचारतां बरेंच कांहीं कळतें, तशीच ही भाषा होती. पुरुषाला मात्र ती बोलण्यास अंगठीखेरीज आणखी पुष्कळ साधनें होतीं. स्त्रीजवळ काय होतें, हा प्रश्न कॅनीच्या दुसऱ्याच वर्षीं उभा राहिला.

इ. स. पू. २१५ मध्यें गायस ऑपियस या ट्रिब्यूननें, म्हणजे लोकांच्या वतीनें निवडलेल्या अधिकाऱ्यानें, एक कायदा संमत करवून घेतला. कोणत्याहि स्त्रीनें अर्ध्या औंसाहून अधिक सोनें बाळगूं नये. जांभळ्या रंगानें रंगविलेलीं वस्त्रें नेसूं नयेत. आणि धार्मिक उत्सवाचा प्रसंग सोडून शहरांत किंवा शहरापासून एक मैलाच्या आंत घोड्यांच्या गाडींत बसूं नये. रोमन अर्धा औंस म्हणजे आपला एक तोळा आणि दोन मासे. खजिना रिकामा होता आणि शत्रु इटलींत ठाण मांडून बसला होता. अशा वेळीं हा निर्बंध कोणास अन्यायाचा वाटला असेल असें दिसत नाहीं.

पुढें युद्ध जिंकलें गेलें. इ. स. पू. २०१ मध्यें तह झाला आणि कार्थेजची खंडणी रोममध्यें येऊं लागली. पुरुषांचीं वस्त्रें पुन्हां झळकूं लागलीं. कायदा मात्र होता तेथेंच राहिला. अखेर इ. स. पू. १९५ मध्यें दोन ट्रिब्यूनांनीं तो रद्द करण्याचा ठराव आणला, तर ब्रूटस घराण्यांतील दोन ट्रिब्यूनांनीं त्यास नकाराधिकाराची धमकी दिली. तेव्हां जें घडलें त्याची रोमला संवय नव्हती. स्त्रिया घराबाहेर पडल्या. त्यांनीं शहरांतील रस्ते आणि सभाचौकाकडे जाणाऱ्या वाटा अडविल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांस गांठून मतें मागितलीं. रोज गर्दी वाढत होती. आसपासच्या गांवांतूनहि बायका येऊन मिळत होत्या.

कायद्याच्या बाजूनें उभा राहिला तो त्या वर्षीचा कॉन्सल मार्कस पोर्शियस कॅटो. शेतावर गुलामांबरोबर राबणारा, जाडेंभरडें खाणारा हा मनुष्य. परक्या पुरुषांशीं भर रस्त्यांत बोलण्याऐवजीं हेंच घरीं नवऱ्याला कां विचारलें नाहीं, असा त्याचा पहिला टोमणा होता. त्याच्या भाषणांतील बरीचशी आग आज केवळ चमत्कारिक वाटते. पण एक मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कायदा आहे तोंवर गरीब स्त्रीला आपल्या दारिद्र्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं, कारण जें तिला परवडत नाहीं तें सर्वांनाच मना आहे. तो उठला कीं श्रीमंतीण मिरवील, आणि दुसरी, तुच्छ ठरूं नये म्हणून, ऐपतीबाहेर खर्च करील. ज्या घरानें एखादें लग्न पार पाडलें आहे त्या घराला कॅटोचें म्हणणें समजावून सांगावें लागणार नाहीं.

त्यास उत्तर दिलें लुशियस व्हॅलेरियस या ट्रिब्यूननें. संकट आलें तेव्हां स्त्रियांनीं आपलें सोनें राष्ट्राला दिलें होतें, याची त्यानें आठवण दिली. पुरुष जांभळें वस्त्र पांघरतो, घोड्यावर जांभळी झूल घालतो, मग घोडा पत्नीपेक्षां अधिक नटलेला असावा काय, असा त्याचा सवाल होता. मित्रनगरांतील बायका सोनें लेऊन रोमच्या रस्त्यांतून गाडींत बसून जातात आणि रोमन स्त्री त्यांच्यामागून पायीं चालते, ही बोंच तर पुरुषांनाहि लागण्याजोगी होती. आणि मग तो मूळ मुद्द्याला आला. स्त्रियांना अधिकारपद नाहीं, पौरोहित्य नाहीं, विजययात्रा नाहीं, युद्धांतील लूट किंवा मानचिन्हें नाहींत. वेष आणि भूषणें हींच त्यांचीं मानचिन्हें होत. सुतक धरतांना त्या सोनें आणि जांभळें उतरवितात, सुतक फिटलें कीं घेतात. तेंहि काढून घेतल्यावर उरतें काय?

व्हॅलेरियसला स्त्रियांचा कैवारी मानण्याचें मात्र कारण नाहीं. स्त्रीच्या दागिन्यांवर सत्ता कायद्याची नसावी, बापाची आणि नवऱ्याची असावी, इतकेंच त्याचें मागणें. शिवाय दोन्ही भाषणें लिव्हीनें सुमारें पावणेदोनशें वर्षांनंतर आपल्या शब्दांत रचलेलीं आहेत. ज्यांच्यासाठीं हा वाद झाला त्यांपैकीं एकीचेंहि भाषण त्यानें दिलेलें नाहीं; एकीचें नांवहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आणखी मोठ्या जमावानें दोन्ही ब्रूटसांच्या घरांस वेढा दिला आणि त्यांनीं विरोध मागें घेईपर्यंत तो उठविला नाहीं. मग सर्व गणांनीं एकमतानें कायदा रद्द केला. वीस वर्षें तो अंमलांत होता. कॅटो हार विसरला नाहीं. इ. स. पू. १८४ मध्यें तो सेन्सर झाला, म्हणजे संपत्तीची मोजदाद त्याच्या हातीं आली. पंधरा हजार अॅस या नाण्यांहून अधिक किमतीचे स्त्रियांचे दागिने, वस्त्रें आणि वाहनें त्यानें दसपट किमतीनें नोंदविलीं आणि त्यांवर हजारीं तीन असा कर बसविला.

स्त्रीनें स्वतः बोलण्याची वेळ इ. स. पू. ४२ मध्यें आली. सीझरच्या वधानंतरच्या यादवींत ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस या त्रयीला पैसा हवा होता. त्यांनीं चौदाशें धनिक स्त्रियांच्या मिळकतीवर कर बसविण्याचें जाहीर केलें. त्या स्त्रिया प्रथम रीतीप्रमाणें त्रयीच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीनें आणि अँटनीच्या आईनें त्यांचें ऐकून घेतलें. अँटनीची पत्नी फुल्व्हिया हिनें त्यांस दारांतून परत लावलें. तेव्हां त्या थेट सभाचौकांत शिरल्या, आणि प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्शियस याची कन्या हॉर्टेन्शिया बोलावयास उभी राहिली. ज्या राज्यकारभारांत आणि मानमरातबांत आमचा वांटा नाहीं, त्याचा कर आम्हीं कां द्यावा, असा तिचा प्रश्न होता. कार्थेजच्या युद्धांत आमच्या आयांनीं दिलें, हें खरें. पण तें आपखुशीनें, आणि जमीन किंवा स्त्रीधन यांतून नव्हे, केवळ अंगावरच्या दागिन्यांतून, असें ती म्हणाल्याचें अॅपियन हा इतिहासकार सांगतो.

त्रयी संतापली. स्त्रियांना हुसकून लावण्याचा हुकूम सुटला, पण बाहेर लोकांनीं एकच ओरड केली आणि शिपायांचे हात थांबले. दुसऱ्या दिवशीं नवी यादी लागली. तींत चौदाशेंच्या जागीं चारशें स्त्रिया होत्या, आणि उरलेला पैसा पुरुषांकडून घेण्याचें ठरलें होतें.