वाटेवरचा प्रवासी आणि त्याचे यंत्र

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे लोणार तालुक्यातील गाव. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारा जुना रस्ता ह्या गावावरून जातो आणि लोणारच्या सरोवराकडे वळणारी वाट येथेच फुटते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ह्याच जिल्ह्यातून गेला असून त्याची ७०१ किलोमीटरांची संपूर्ण लांबी २०२५ च्या जूनमध्ये खुली झाली. परंतु त्यावर दुचाकींस मज्जाव आहे. त्यामुळे मोटारसायकलीच्या प्रवाशास आजही जुनाच रस्ता धरावा लागतो, आणि त्याची गाडी बंद पडावयाची ती अशाच एखाद्या गावाच्या वेशीवर. तेथे त्याने काय करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलत गेले, हे येथे पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

डाइम्लर व मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे यंत्र बसविले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे स्वार हाच आपल्या गाडीचा कारागीर असे. आपल्या देशात १९५५ मध्ये मद्रासेस एन्फील्ड बुलेट व १९६१ मध्ये म्हैसुरास जावा तयार होऊ लागली. ह्या गाड्यांनी प्रवाशांच्या एका पिढीस दुरुस्तीचे शिक्षण दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या शिक्षणाचा गाभा म्हणजे शोधाचा क्रम. गाडी थांबली की प्रथम टाकीतील पेट्रोल व तोटी पाहावयाची. मग स्पार्क प्लग काढून, तो यंत्राच्या धातूस टेकवून किक मारावयाची. ठिणगी पडली, तर दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकलेल्या कचऱ्याचा. ठिणगी न पडली, तर पॉइंट उघडून त्यांची जळकी तोंडे बारीक पॉलिश कागदाने घासावयाची आणि त्यांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ठेवावयाची. प्लगचा रंगही बोलका असे. तांबूस तपकिरी असला, तर प्रकृती ठीक. काजळी धरली, तर पेट्रोल किंवा तेल जादा. पांढरा पडला, तर पेट्रोल कमी पडून यंत्र तापत आहे, असे समजावयाचे.

१९८५ नंतर जपानी सहकार्याच्या हलक्या गाड्या पसरल्या आणि हळूहळू पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे निर्बंध लागू झाले व बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरही गेला. आता पेट्रोल किती सोडावयाचे, ते एक लहानसा संगणक ठरवितो. धूर कमी झाला, रोजची खटपट वाचली; हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटला, तर त्यामागील दोष वाचण्यास निराळे उपकरण लागते. नुसता पाना घेऊन बसलेला वाटेवरचा मिस्त्री, कितीही अनुभवी असला, तरी तेथे अडखळतो. बॅटरी पुरती उतरली, तर पेट्रोलचा विजेचा पंपच चालत नाही, आणि गाडी ढकलूनही पुष्कळदा व्यर्थ श्रम होतात.

तरीही आमच्या मते प्रवाशाचे कर्तव्य संपलेले नाही. चेनला धूळ आजही लागते. ती दर पाचशे किलोमीटरांस पुसून तेल घालावे लागते व तिचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे राखावा लागतो. टायरांतील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावी लागते. क्लचची तार तुटण्यापूर्वी तिचे तंतू उसवतात, ते डोळ्यांस दिसतात. नव्या गाडीचा शोधही पूर्वीप्रमाणेच सोप्याकडून अवघडाकडे जातो: आधी पेट्रोल, मग बंद करण्याचे बटण, बॅटरीची टोके, फ्यूज, आणि सर्वांत शेवटी संगणक. बटण चुकून दाबले गेल्यामुळे गाडी भाड्याच्या टेम्पोत घालणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत.

यंत्रातील पुष्कळसे ज्ञान आता प्रवाशाच्या हातून कार्यशाळेकडे गेले, हे खरे; तथापि पाहण्याची सवय कोणत्याही निर्बंधाने काढून घेतलेली नाही. ती ज्याने जपली, त्यास सुलतानपूरच्या फाट्यावर अर्धा तास थांबावे लागले, तरी लोणारचे सरोवर सूर्यास्तापूर्वी दिसेल.