शुक्रवारची पत्रे

यंदा उन्हाळ्यात मस्कतच्या जुन्या मराठी मंडळींपैकी एक निवृत्त अभियंते पुण्यात वारले. घरच्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही; सगळे त्यांना अण्णा म्हणत. १९७६ साली ते येथे आले आणि २००८ साली परतले. या काळात त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांविषयी हे टिपण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या ओमानमध्ये डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता आणि शाळा तीन. तेलाची निर्यात १९६७ पासून सुरू झाली होती. त्या पैशातून मत्रहचे बंदर १९७४ मध्ये खुले झाले, तर अल घुब्रा येथे वीज आणि समुद्राचे गोडे केलेले पाणी १९७६ पासून मिळू लागले. या कामांना अभियंते हवे होते आणि मुंबई जवळ होती. ओळख तर जुनीच. १९७० पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेचा गल्फ रुपया चालत असे.

अण्णा मूळचे औरंगाबादचे. वडील शाळामास्तर. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अण्णा त्यांना पत्र लिहीत आणि वडील ती वर्षवार बांधून ठेवत. उन्हाळ्यात स्लॅब रात्री का ओततात, काँक्रीटच्या पाण्यात बर्फ का घालतात, हे त्यांत आहे. बहिणीच्या लग्नासाठी पाठवलेल्या ड्राफ्टचा हिशेब आहे. १९७५ साली निघालेल्या इंडियन स्कूलमध्ये मुलीला प्रवेश मिळाला, आता बिऱ्हाड करता येईल, हा आनंद आहे.

एक पत्र निझव्याच्या फलजवर आहे. डोंगराच्या पोटातले पाणी भुयारातून, केवळ उताराच्या बळावर गावात येते आणि वेळेच्या हिशेबाने शेतांना वाटले जाते. ते पाहून अण्णांना मलिक अंबरची नहर आठवली. तिथेही भुयार, वर हवेसाठी उघडी तोंडे, तोच उतार. "आपल्याच गावी आल्यासारखे वाटले," असे त्यांनी वडिलांना कळवले. ओमानच्या पाच फलजना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती २००६ साली. अण्णांचे पत्र १९८१ चे आहे.

वडील १९९३ मध्ये गेले आणि पत्रे थांबली. पुढे फोन स्वस्त झाले, बोलणे वाढले, कागद मात्र उरला नाही. जून २००७ च्या गोनू वादळात वाद्या भरून वाहिल्या आणि मस्कतच्या अनेक भागांत पाणीपुरवठा तुटला. त्या आठवड्यात अण्णा तीन दिवस घरी आले नव्हते, असे मुलगी सांगते. ते कुठे होते, काय करत होते, याचा एकही ओळीचा पुरावा नाही.

सरकारी अहवालांत रस्त्याची लांबी आणि खर्च सापडतो. तो बांधणाऱ्याच्या घरात काय चालले होते, ते अशा गठ्ठ्यांतच सापडते. अण्णांच्या नातीला मराठी बोलता येते, पण आजोबांचे अक्षर लागत नाही. म्हणून सध्या मुलगी मोठ्याने वाचते आणि नात इंग्रजीत उतरवून घेते. आतापर्यंत १९७९ पर्यंतची पत्रे झाली आहेत.

आपल्या माळ्यावर, जुन्या बॅगांत असे काही असेल तर टाकू नका. तारीख आणि गाव मागे पेन्सिलीने लिहा, आणि अक्षर लागणारे माणूस घरात आहे तोवर वाचून घ्या.