ऑइल बघायचं कधी?

इंजिनात ऑइल किती उरलंय, हा प्रश्न पहिल्या पिढीच्या मोटारसायकलवाल्यांना पडतच नसे. कारण उरत काहीच नसे. १९१० च्या आसपासच्या बहुतेक गाड्यांत ऑइल एकदा आत गेलं की कायमचं गेलं. टाकीजवळ एक छोटा हातपंप असे. गाडी चालवता चालवता दर काही मैलांनी त्याचा दट्ट्या दाबायचा, चढ लागला की एखादा जास्त. ऑइल बेअरिंग-पिस्टनला लागायचं, थोडं जळायचं, बाकीचं रस्त्यावर गळायचं. मापाचं साधन एकच: सायलेन्सरचा धूर. निळसर झाक दिसली की ऑइल पोचलं. दट्ट्या विसरला की पिस्टन धरला.

पुढे इंग्लंडमध्ये पिलग्रिमसारखे पंप आले. इंजिनच पंप फिरवी आणि काचेतून थेंब पडताना दिसत. रॉयल एन्फिल्डने १९१३ साली जाहीर केलेल्या गाडीत तर ऑइलची टाकीच काचेची होती. हार्ले-डेव्हिडसनला मात्र ऑइल वाया न घालवता तेच पुन्हा पुन्हा फिरवणारं इंजिन आणायला १९३६ उजाडलं.

ऑइल फिरू लागलं आणि काडीला, म्हणजे डिपस्टिकला, खरा अर्थ आला. पण फिरून ते थांबतं कुठे, यावर काडी कधी बुडवायची हे ठरतं. सगळी गफलत इथेच होते.

जुन्या बीडाच्या इंजिनाची बुलेट घ्या. १९५५ पासून मद्रासला जुळू लागलेल्या या गाडीत ऑइलचा साठा क्रँककेसच्याच ओतीव भागात, पण क्रँकपासून वेगळ्या कप्प्यात. एक पंप ऑइल पुरवतो, दुसरा खाली जमलेलं ओढून साठ्यात परत टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की साठ्यातलं ऑइल झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. सकाळी काडी बघणाऱ्याला ती कोरडी दिसते, तो घाईने ऑइल ओततो, आणि गाडी चालू झाल्यावर जादाचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. म्हणून बुलेटचं ऑइल बघायचं ते गाडी फिरवून आणल्यावर, लगेच.

होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्ये वेगळा साठा ठेवलाच नाही. सगळं ऑइल इंजिनाच्या तळाशी. तोच वंश १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० च्या रूपाने आपल्याकडे आला. इथे नियम थोडा वेगळा: लगेच बघायचं नाही. इंजिन काही मिनिटं चालवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबून वरचं ऑइल खाली उतरू द्यायचं. मग काडी पुसून घालायची, पण आटे न फिरवता नुसती टेकवायची. आटे आवळून मोजलं तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

राजदूत, येझदी, चेतकवर वाढलेल्या पिढीला हे नवीनच होतं. टू-स्ट्रोकच्या इंजिनाला ऑइल पेट्रोलसोबत मिळे आणि जळून जाई. राहिलंच तर गिअर ऑइल बघायचं. त्यात सीडी १०० ची जाहिरात सांगत होती की टाकी भरा आणि विसरून जा. ती पेट्रोलबद्दल होती. अनेकांनी ती ऑइललाही लावली. शंभर सीसीच्या या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर, आणि त्याच लिटरभरात पिस्टन, गिअर आणि क्लच तिघेही न्हातात. मोटारसायकलचं ऑइल कारपेक्षा वेगळं, हेही त्यामुळेच: कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण घटवणाऱ्या रसायनांनी ओला क्लच घसरू शकतो. अशा क्लचसाठी जपानने १९९८ मध्ये ‘जासो एमए’ हे मानक आणलं.

आता चाकणला बनणाऱ्या पल्सरपासून नव्या बुलेटपर्यंत अनेक गाड्यांत काडीऐवजी क्रँककेसवर काचेची गोल खिडकी असते. काच आली म्हणून गाडी सरळ उभी करणं सुटलेलं नाही. साइड स्टँडवर इंजिन एका अंगाला कलतं आणि खिडकी खोटं सांगते. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, मग खाली वाकून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं.